संगणकाचा शिक्षक कोणासाठी?

विद्यापीठात कोणता विषय किती श्रेयांकांचा असावा, ही चर्चा अभ्यासमंडळाच्या बंद खोलीत होते आणि तिथेच संपते. बाहेरच्या माणसाने तीत तोंड घालू नये असा एक संकेत आहे. हा संकेत मोडला पाहिजे. कोणी शिकावे आणि कोणी नुसते वापरावे, कोणते ज्ञान वरचे आणि कोणते खालचे, याचा निवाडा अभ्यासक्रमाच्या कागदावर होत असतो. ज्यांना पिढ्यानपिढ्या ज्ञानाच्या दाराबाहेर उभे केले गेले, त्यांच्या चळवळीला या कागदाकडे पाठ फिरवून चालणार नाही. अमेरिकेतील विद्यापीठांत भावी शिक्षकांसाठी संगणकशास्त्राचा 'मायनर' असतो. म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला घ्यावयाचा दुय्यम विषय. या मायनरची पुनर्रचना कशी व्हावी, हा प्रश्न तिथे आज वादाचा आहे. येथे तो आपल्या दृष्टीने तपासावयाचा आहे.

जानेवारी २०१६ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी सर्व मुलांना संगणकशास्त्र शिकवण्याची योजना जाहीर केली. राज्यांसाठी ४ अब्ज डॉलर्सची मागणी अंदाजपत्रकात मांडली. काँग्रेसने ती रक्कम दिली नाही. परंतु रक्कम मिळाली असती तरी एक प्रश्न उरलाच असता : शिकवणार कोण? यंत्रे विकत घेता येतात. पाठ्यपुस्तके छापता येतात. शिक्षक मात्र घडवावा लागतो आणि त्याला वर्षे लागतात. तो कुठे घडणार, कोणाच्या हाताखाली घडणार, घडल्यावर कोणत्या वस्तीतल्या शाळेत जाणार, हे प्रश्न घोषणेत नव्हते.

हे प्रश्न ज्या पुस्तकामुळे नीट उभे राहिले, ते पुस्तक म्हणजे जेन मार्गोलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे 'स्टक इन द शॅलो एंड'. हे २००८ साली प्रसिद्ध झाले आणि २०१७ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. 'उथळ पाण्यात अडकलेले' हा त्याच्या नावाचा अर्थ. लॉस एंजेलिसमधील तीन सार्वजनिक माध्यमिक शाळा लेखिकांनी जवळून पाहिल्या. शाळांची नावे पुस्तकात बदललेली आहेत. तिन्ही ठिकाणी संगणक होते. ज्या शाळेत लॅटिन अमेरिकन वंशाच्या श्रमिकांची मुले शिकत होती तिथेही ते होते. पण त्या मुलांना त्यावर शिकवले जात होते ते टंकलेखन, मजकूर इथून उचलून तिथे चिकटवणे, माहिती शोधणे एवढेच. सुखवस्तू वस्तीतल्या शाळेत संगणकशास्त्राचा प्रगत वर्ग होता. त्या शाळेत दुरून प्रवास करून येणारी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलेही होती. प्रगत वर्गात मात्र ती तुरळकच दिसत. यंत्र सर्वांना मिळाले आणि शास्त्र थोड्यांना मिळाले, हा या पुस्तकाचा मुख्य निष्कर्ष होय.

पुस्तकाचे रूपक पोहण्याचे आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना पोहण्याच्या तलावांपासून आणि समुद्रकिनाऱ्यांपासून कायद्याने आणि दांडगाईने दूर ठेवले गेले. पुढे त्यांच्या मुलांना पोहता येईना, तेव्हा गोऱ्या समाजाने त्याचे कारण त्यांच्या शरीरात शोधले. पाणी नाकारायचे आणि मग 'तुम्हांला पोहता येत नाही' असे म्हणायचे, हा न्याय होता. चवदार तळ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे रूपक समजावून सांगण्याची गरज नाही.

संगणकाच्या वर्गात हाच न्याय कसा चालतो, हे पुस्तक दाखवते. ज्या मुलाच्या घरी संगणक आहे, ज्याचे वडील किंवा काका त्या धंद्यात आहेत, तो पहिल्या दिवशी चार गोष्टी शिकून आलेला असतो. शिक्षक त्याला 'उपजत बुद्धीचा' समजतो. शेजारी बसलेल्या मुलीला त्याच गोष्टी माहीत नसतात. तेव्हा 'हिचा कल नाही' असा शेरा बसतो. लेखिका याला पूर्वतयारीचा विशेषाधिकार म्हणतात. घरची सोय ही गुणवत्ता म्हणून मोजली जाते. आपल्या वाचकांना ही मोजणी चांगलीच परिचयाची आहे.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एका शहरातील तीन शाळांवर ते उभे आहे. खोली त्याला आहे, विस्तार नाही. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. त्याचा भर आधीच नोकरीत असलेल्या शिक्षकांवर आहे. त्यांना उन्हाळी वर्गांतून तयार करावे, त्यांचे एकमेकांशी नाते जोडावे, हा त्याचा मार्ग आहे. तो मार्ग निष्फळ ठरला असे नाही. याच कामातून २००८ पासून लॉस एंजेलिसच्या शाळांत जोआना गूड आणि गेल चॅपमन यांनी रचलेला 'एक्स्प्लोअरिंग कॉम्प्युटर सायन्स' हा अभ्यासक्रम सुरू झाला. माणूस आणि संगणक यांचे नाते, प्रश्न सोडवणे, वेब पाने रचणे, प्रोग्रॅमिंगची ओळख, माहितीचे विश्लेषण आणि रोबोटिक्स असे त्याचे सहा भाग आहेत. तो शिकवणाऱ्यांसाठी दीर्घ प्रशिक्षणाची जोडही दिली गेली. पण शिक्षक नोकरीत येण्याआधी चार वर्षे विद्यापीठात असतो. त्या चार वर्षांत त्याला काय दिले जाते, हा प्रश्न पुस्तकाच्या कडेला राहतो. मायनरचा वाद तिथून सुरू होतो.

कॅलिफोर्नियाचेच उदाहरण घेऊ, कारण हे पुस्तक त्या राज्यातले आहे. तिथे गणिताचा परवाना असलेला शिक्षक संगणकशास्त्र शिकवू शकतो. त्याने संगणकाचा एकही अभ्यासक्रम केलेला असो वा नसो. इतर विषयाच्या शिक्षकाला पूरक परवाना मिळवण्यासाठी २० सत्र-श्रेयांकांचा एक मार्ग ठेवण्यात आला. त्यात पाच विषय येतात : प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम, यंत्रे, प्रणाली आणि नेटवर्क, सॉफ्टवेअरची रचना, आणि संगणनाचे समाजावरील परिणाम. सप्टेंबर २०१८ मध्ये त्या राज्याने शालेय संगणकशास्त्राची मानके स्वीकारली. म्हणजे मुलांनी काय शिकावे हे ठरले आणि शिक्षकाने काय शिकलेले असावे हेही कागदावर आले.

या पाच विषयांतला शेवटचा विषय स्वागतार्ह आहे. परंतु यादी पुन्हा वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. हे शास्त्र मुलांना शिकवायचे कसे, हा विषय यादीत नाही. शिक्षकाच्या परवान्याच्या यादीत शिकवण्याला जागा नसावी, ही साधी चूक म्हणता येणार नाही. तिच्यामागे एक समजूत आहे : ज्याला विषय येतो त्याला तो शिकवता येतो. विद्यापीठांच्या संगणक विभागांनी ही समजूत जपली आहे आणि तिच्याच आधारे बहुतेक मायनर रचले गेले आहेत. मुख्य पदवीतील पहिले दोन प्रोग्रॅमिंगचे अभ्यासक्रम, थोडे डिस्क्रीट गणित, डेटा स्ट्रक्चर्स, यंत्ररचना आणि एखादा ऐच्छिक विषय, की झाला मायनर. इंजिनियर होणाऱ्यासाठी बांधलेल्या जिन्याच्या खालच्या पाच पायऱ्या शिक्षक होणाऱ्याला दिल्या जातात. वर काय आहे ते त्याला दिसत नाही आणि ज्या वर्गात त्याला जायचे आहे तिकडे तो जिना जातच नाही.

ली शुलमन यांनी १९८६ साली शिक्षकाच्या ज्ञानाविषयी एक मूलभूत मांडणी केली. विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे सर्वसाधारण ज्ञान यांच्या मधोमध तिसरे ज्ञान असते. तो विशिष्ट विषय शिकताना विद्यार्थी कुठे अडतो, का अडतो आणि त्याला तिथून कसे काढावे, याचे ते ज्ञान. संगणकशास्त्रापुरते एक उदाहरण देतो. प्रोग्रॅममध्ये 'क्ष = क्ष + १' अशी ओळ येते. बीजगणित शिकलेल्या मुलीला ही ओळ खोटी वाटते आणि तिचे वाटणे बरोबर असते. क्ष हा क्ष अधिक एक एवढा कसा असेल? येथे बरोबरीचे चिन्ह बरोबरी सांगत नाही. उजवीकडची किंमत काढून डावीकडच्या नावाखाली ठेव, अशी ती आज्ञा आहे. ज्या शिक्षकाला ही अडचण ठाऊक आहे, तो मुलीच्या प्रश्नाचे कौतुक करील आणि दोन चिन्हांतला फरक उलगडून दाखवील. ज्याला ठाऊक नाही, तो 'हे असेच असते, पाठ कर' म्हणेल. मुलगी पाठ करील किंवा उठून जाईल.

रॉय पी यांनी १९८६ मध्येच आणखी खोल असलेला एक गैरसमज दाखवून दिला. नवशिक्याला नकळत असे वाटते की यंत्राच्या आत कोणीतरी समजूतदार बसलेले आहे. आपण अर्धे लिहिले तरी ते आपला हेतू ओळखेल. यंत्र हेतू ओळखत नाही, लिहिलेले तेवढेच करते. मग प्रोग्रॅम फसतो आणि मूल म्हणते, मलाच येत नाही. आपल्याला येत नाही असे ज्या मुलांना आधीच शंभर तोंडांनी सांगितले गेले आहे, त्यांच्या बाबतीत हा एक गैरसमज त्यांचे शिक्षण संपवू शकतो. या गोष्टी इंजिनियरला माहीत नसल्या तरी त्याचे काम अडत नाही. शिक्षकाचे कामच याचे आहे.

येथे नेहमीचा आक्षेप येईल, आणि तो येतोच : अध्यापनशास्त्र आत आणले तर शास्त्र बाहेर जाईल, दर्जा घसरेल. 'दर्जा' हा शब्द कुठे आणि कोणाविरुद्ध वापरला जातो याचा अनुभव आपल्याला मोठा आहे. तरी आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. २००१ साली मायकेल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. हे विद्यार्थी प्रोग्रॅमिंगचे सुरुवातीचे अभ्यासक्रम पुरे केलेले किंवा पुरे करत आलेले होते. त्यांना ११० पैकी सरासरी २२.८९ गुण मिळाले. ज्या दर्जाच्या रक्षणासाठी शिक्षकाला शिकवण्याची विद्या नाकारली जाते, तो दर्जा हा असा होता. हे विद्यार्थी मंदबुद्धी होते असे कोणी म्हणणार नाही. शिकवण्यात काही चुकते आहे हाच त्याचा अर्थ होता आणि त्यानंतरच्या संशोधनाने तेच धरून काम केले. २००६ साली डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी प्रोग्रॅमच्या ओळी विस्कटून देऊन त्या क्रमाने लावण्याची पद्धत मांडली. इंग्लंडमध्ये सू सेंटन्स यांनी एक क्रम रूढ केला : आधी भाकीत करा, मग चालवून पाहा, तपासा, बदला आणि शेवटी स्वतःचे रचा. या क्रमात कोरा पडदा पहिल्या दिवशी मुलासमोर येत नाही. घरून शिकून आलेल्या मुलाची आघाडी त्यामुळे कमी होते. म्हणून पद्धतीचा प्रश्न हा समतेचाही प्रश्न आहे.

मग मायनरची पुनर्रचना कशी असावी? माझ्या मते तीत पाच गोष्टी हव्यात.

पहिली. प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम भावी शिक्षकाच्या स्वतःच्या विषयातून जावा. जॉर्जिया टेक या संस्थेने १९९९ पासून प्रत्येक विद्यार्थ्याला संगणनाचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. इंजिनियर नसलेले विद्यार्थी त्यात मोठ्या संख्येने मागे पडू लागले. २००३ मध्ये मार्क गझडियल यांनी त्यांच्यासाठी चित्रे आणि ध्वनी यांवर काम करीत प्रोग्रॅमिंग शिकवणारा वेगळा अभ्यासक्रम आणला आणि उत्तीर्णांचे प्रमाण वाढले. इतिहासाच्या, भाषेच्या, जीवशास्त्राच्या भावी शिक्षकाला हाच न्याय मिळाला पाहिजे.

दुसरी. डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम राहावेत. ते काढून टाकणे म्हणजे शिक्षकाला पुन्हा उथळ पाण्यात ठेवणे होय. पण परीक्षेचा भर दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचण्यावर, त्यातील चूक ओळखण्यावर आणि ती शब्दांत सांगण्यावर असावा. शिक्षक दिवसभर हेच करतो.

तिसरी. विद्यार्थी संगणकशास्त्र कसे शिकतात, याचा एक स्वतंत्र आणि पूर्ण श्रेयांकांचा अभ्यासक्रम असावा. अमेरिकेतील संगणकशास्त्राच्या शिक्षकांच्या संघटनेने २०२० मध्ये शिक्षकांसाठी जी पाच मानके प्रसिद्ध केली, त्यांत विषयज्ञान हे एक आहे. बाकीची समता, व्यावसायिक वाढ, पाठांची आखणी आणि वर्गातील व्यवहार यांविषयी आहेत. मायनरने निदान आपल्याच क्षेत्रातील संघटनेचे ऐकावे.

चौथी. समाजावरील परिणाम हा शेवटच्या आठवड्यात उरकण्याचा धडा असू नये. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनित गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या बाजारातील प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती; काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. हा निष्कर्ष तांत्रिक आहे आणि सामाजिकही आहे. कोणाचे चेहरे दाखवून यंत्राला शिकवले, हे विचारल्याशिवाय तो समजत नाही. असा शोध ज्या शिक्षकाला वर्गात उलगडून दाखवता येईल, त्याला यंत्रही कळले आणि समाजही कळला.

पाचवी. प्रत्यक्ष अध्यापनाचा सराव जिथे हा विषय पोचलेला नाही अशाच शाळांत व्हावा. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी त्या राज्याचे सर्वांत जास्त शिक्षक तयार करते. तिथले पुष्कळ विद्यार्थी आपल्या घरातून विद्यापीठात आलेली पहिली पिढी आहेत. स्पॅनिश घरात बोलणारे आहेत. संगणकाच्या धंद्यात जास्त पगार मिळतो म्हणून शिकवलेला शिक्षक निघून जातो, अशी विद्यापीठांची तक्रार असते. ती खोटी नाही. पण ज्याने शिक्षक व्हायचे आधीच ठरवले आहे, ज्याला आपल्याच वस्तीत परत जायचे आहे, त्याच्यासाठी मायनरचे दार उघडले तर ही गळती कमी होण्याची शक्यता अधिक. इंजिनियराला शिक्षक होण्याची विनवणी करण्यापेक्षा शिक्षकाला संगणकशास्त्र देणे शहाणपणाचे आहे.

याच विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द समाविष्ट केला. विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी त्यासाठी चळवळ केली होती. संपूर्ण राज्यासाठी तसा कायदा करणारे विधेयक मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी नाकारले. संगणकाच्या धंद्याबरोबर आपल्याकडची जातही तिकडे पोचली, हे यातून उघड झाले. म्हणून शिक्षक घडवणाऱ्या विद्यापीठाने आपल्या धोरणात जो शब्द लिहिला, तो त्याच्या संगणक अभ्यासक्रमातही कळला पाहिजे.

आता एक नवा युक्तिवाद ऐकू येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. आता प्रोग्रॅम यंत्रच लिहील, मग मुलांना शिकवायचे कशाला आणि त्यासाठी शिक्षक घडवायचे कशाला? हा युक्तिवाद कोणाच्या मुलांना लागू होईल, हे पाहावे. श्रीमंतांच्या शाळा शिक्षक काढून टाकणार नाहीत. शिक्षकाच्या जागी यंत्र बसेल ते गरिबांच्या वर्गात, आणि त्याला प्रगती म्हटले जाईल. शिवाय यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे ठरवणारा माणूस लागतोच. वाचता न येणाऱ्याच्या हातात कागद देऊन अंगठा घेण्याची रीत आपल्याला नवी नाही.

रॉबर्ट मोझेस हे १९६० च्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करीत मार खाल्लेले कार्यकर्ते. त्यांनी १९८२ मध्ये बीजगणित शिकवण्याची चळवळ सुरू केली. या काळात गणिताचे ज्ञान हे मतदानाच्या हक्कासारखे आहे. ते नसेल तर माणूस आर्थिक नागरिकत्वाला मुकतो, अशी त्यांची भूमिका होती. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला नांगर धरण्याची लाज वाटू नये आणि त्याला खालच्या थरांत मिसळता यावे, हे त्यांनी तिथे सांगितले. 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी १८७३ मध्ये गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केले होते. शाळा काढणे पुरेसे नाही, शाळेतला माणूस कोण आहे हे पाहिले पाहिजे, हा विचार दोन्हीकडे सापडतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मेजर आणि मायनर हे शब्द महाराष्ट्रातील विद्यापीठांतही आले आहेत. आपल्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी हे शब्द निमूटपणे स्वीकारू नयेत. आपल्या अभ्यासमंडळापुढे एखादा मायनर येईल तेव्हा दोन प्रश्न विचारावेत. हा कोणाच्या उपयोगासाठी रचला आहे? आणि तो शिकून बाहेर पडलेला शिक्षक, ज्या मुलाच्या घरी यंत्र नाही त्या मुलापुढे उभा राहून काय सांगू शकेल? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जो अभ्यासक्रम देऊ शकत नाही, त्याची पुनर्रचना झाली पाहिजे. आणि त्या खोलीत आपण बसलेले असलो पाहिजे.